इको-फ्रेंडली घर: खरेदीआधी वीजबिल बघा

बांबूचा ब्रश, काथ्याची घासणी, ‘ग्रीन’ असं लिहिलेले डबे... घर पर्यावरणस्नेही करायचं मनावर घेतलं की पहिली धाव दुकानाकडे असते. खरं तर सुरुवातीला दोनच गोष्टी पाहायच्या: वीजबिल आणि कचऱ्याचा डबा. आपल्या घराचा भार कुठे जास्त पडतो ते तिथेच कळतं. बाकी ऐकीव गोष्टी पुष्कळ आहेत. त्यातल्या काही तपासून पाहू.

गैरसमज १: घरातलं प्लास्टिक फेकून स्टील, काच, कापड आणलं की झालं.

वस्तुस्थिती: धडधाकट डबा फेकला की त्याचा कचरा होतो, आणि त्याच्या जागी नवा घडवायला ऊर्जा लागते ती वेगळीच. कापडी पिशवीमागेही कापूस, पाणी, खतं आणि वीज असते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८च्या अभ्यासात, केवळ हवामानावरचा परिणाम धरला तरी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती तिथल्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते, असं आढळलं. म्हणून प्लास्टिकची पिशवी बरी, असं मुळीच नाही. ती गटारं तुंबवते, गुरांच्या पोटात जाते आणि महाराष्ट्रात २०१८ पासून तिच्यावर बंदी आहे. मुद्दा एवढाच, की समारंभात मिळालेल्या पंधरा पिशव्या कपाटात पडून राहण्यापेक्षा जुन्या साडीची शिवलेली एक पिशवी रोज खांद्याला असलेली बरी.

गैरसमज २: मोबाइलचा चार्जर बोर्डावरून काढला की वीज वाचते, पंखा मात्र हळू केला तरी मीटर तेवढाच पळतो.

वस्तुस्थिती: दोन्ही समजुती उलट्या आहेत. नुसता खोचून ठेवलेला आधुनिक चार्जर वर्षभरात साधारण दोन युनिटही घेत नाही. खरा खादाड डोक्यावर फिरत असतो. जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, तर बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालणारा एक पंखा बदलला, तर वर्षाला जवळपास २०० युनिट वाचतात. रेग्युलेटरबद्दलची समजूत जुन्या ठोकळ्यासारख्या रेग्युलेटरमुळे पसरली. तो पंख्याचा वेग कमी करताना काही वीज उष्णतेच्या रूपात वाया घालवायचा, त्यामुळे बचत थोडीच व्हायची. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने पंखा हळू केला की वीजही कमी लागते. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशावर होते. एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने वाचतं ते सगळ्यात महाग युनिट.

गैरसमज ३: एसी १८ अंशांवर ठेवला की चांगला, आणि पाच स्टार असला की काळजी नाही.

वस्तुस्थिती: तापमान जितकं खाली, तितका कंप्रेसर जास्त राबतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने एक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंश दाखवतात. २४ ते २६ अंशांवर एसी आणि सोबत मंद पंखा, हे पुरेसं होतं. स्टारचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुना पाच स्टार आजच्या पाच स्टारच्या तोडीचा असेलच असं नाही. लेबलवर स्टारपेक्षा वर्ष आणि ‘वर्षाला किती युनिट’ हा आकडा वाचा.

गैरसमज ४: ओला कचरा कुजणाराच आहे, डेपोत गेला तर काय बिघडलं? आणि घरी खत करावं तर घरभर वास.

वस्तुस्थिती: डेपोच्या ढिगाखाली हवा पोचत नाही. तिथे कुजणाऱ्या भाजीच्या देठांतून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. हाच वायू कचराभूमीतल्या आगी धुमसत ठेवतो. २०१६च्या जानेवारीत देवनारच्या धुराने मुंबईकर हैराण झाले होते.

वास येतो तो पाणी जास्त आणि हवा कमी झाल्यावर. बाजूंना आणि तळाला भोकं पाडलेली एक जुनी बादली घ्या. तळाशी बोटभर वाळका पालापाचोळा किंवा कोकोपीट घाला. त्यावर भाजीचे देठ, फळांच्या साली, निथळलेला चहाचा चोथा बारीक करून टाका आणि जेवढा ओला तेवढाच सुका पाला वर पसरा. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडा, तीन-चार दिवसांनी काठीने खालीवर करा. मूठभर ऐवज दाबून पाहा: पाणी गळलं तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत पावसाळी मातीच्या वासाचं काळं खत तयार होतं. तेलकट रस्सा आणि मासे-मटण सुरुवातीला नको.

गैरसमज ५: घरात मनीप्लांट ठेवले की हवा शुद्ध होते.

वस्तुस्थिती: या समजुतीचं मूळ १९८९ सालच्या नासाच्या अभ्यासात आहे, आणि तो बंदिस्त पेटीतला होता. २०१९ मधल्या एका आढाव्यानुसार, खिडकीतून येणाऱ्या हवेची बरोबरी करायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. झाडं हौसेने लावा, हवेसाठी खिडकी उघडा.

गैरसमज ६: सोलर बसवल्याशिवाय हे सगळं व्यर्थ.

वस्तुस्थिती: सोलर चांगलाच, पण तो शेवटी. एक किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावलीविना छत लागतं आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. मात्र आधी वापर आटोक्यात आणला, तर लहान संचात भागतं आणि खर्च वाचतो.

तेव्हा या महिन्यात काही विकत घेऊ नका. बिलावर छापलेला मागच्या महिन्यांचा वापर पाहा, ओला-सुका कचरा वेगळा करा आणि एक बादली गॅलरीत ठेवा. पुढच्या महिन्यात सगळ्यात जास्त चालणारा एक पंखा बदला. एवढं जमलं, की मग सोलरवाल्याला फोन करा.