बैल मोजायचे की गाड्या?

अमरावतीहून यवतमाळला जाताना वाटेत नेर लागते. हा सारा कापसाचा मुलूख. तेव्हा बैलगाडी तुम्हांला ठाऊक असेलच : दोन बैल, दोन चाके. आता समजा, रस्त्यात मोकळे बैल हिंडताहेत, सुटी चाकेही पडली आहेत, आणि तुम्हांला मोजायच्या आहेत फक्त जुंपलेल्या गाड्या. कशा मोजाल?

गर्भवती मातेचे रक्त तपासताना असाच प्रश्न पडतो. १९७४ साली अमेरिकेतील संशोधकांना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात काही खास प्रथिने आढळली. त्यांतल्या एकाचे नाव ‘पॅप-ए’. ते रक्तात एकटे हिंडत नाही, हे १९९३ साली उलगडले. त्याचे दोन रेणू आणि ‘प्रोएमबीपी’ या दुसऱ्या प्रथिनाचे दोन रेणू गंधकाच्या बंधांनी एकत्र जखडलेले असतात. झाली आपली बैलगाडी! दोन्ही प्रथिने वारेत तयार होतात.

पॅप-ए हे मुळात एक विकर आहे. वृद्धिघटकाला धरून ठेवणारे प्रथिन ते कापते आणि वृद्धिघटक मोकळा करते. पण जुंपलेल्या बैलाला वाटेल तिथे चरता येत नाही. प्रोएमबीपीच्या जोखडात पॅप-एचे कापणेही थांबते.

मोजणीसाठी प्रतिपिंडे वापरतात. चाके पकडणारी प्रतिपिंडे तबकडीच्या खळग्यात चिकटवतात व त्यावर रक्तातील सीरम ओततात. मग धुतात, मोकळे बैल वाहून जातात. नंतर बैल ओळखणारी दुसरी प्रतिपिंडे घालतात, त्यांच्या शेपटीला रंग आणणारे विकर जोडलेले असते. सुट्या चाकांवर रंग येत नाही. जितका रंग गडद, तितक्या गाड्या जास्त. विकर जोडून मोजण्याची ही ‘एलायझा’ पद्धत १९७१ साली स्टॉकहोममध्ये जन्मली. गरोदरपणात जवळजवळ सारेच बैल जुंपलेले असल्याने काही चाचण्या नुसते बैलच मोजतात, आणि तेही चालते.

नळीचीही गंमत आहे. हिमोग्लोबिनसाठी रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात. तिच्यातील ईडीटीए धातूंचे अणू ओढून घेते. पॅप-एमध्ये जस्त असते, त्यामुळे त्या नळीतले माप कमी भरते.

खरी अडचण मात्र दिनदर्शिकेची आहे. ही तपासणी गरोदरपणाच्या अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करतात. सुरुवातीच्या आठवड्यांत पॅप-ए तीन-चार दिवसांत दुप्पट होते. पुढे वेग मंदावला तरी वाढ चालूच असते. म्हणून आलेला आकडा त्याच दिवसांच्या इतर मातांच्या मध्यकाशी ताडून पाहतात. (मध्यक तुम्ही गणितात शिकलाच आहात!) डाउन संलक्षण असलेल्या गर्भाच्या मातेत तो सरासरीने मध्यकाच्या निम्म्याच्या आसपास असतो.

आता नेरजवळच्या खेड्यातील एक माता कल्पनेत आणा. पाळी ‘पोळ्याच्या आसपास’ चुकली, एवढेच तिला आठवते. अकरा आठवड्यांची असताना तेरा धरले, तर तिचा चांगला आकडाही कमी वाटेल आणि घरात उगाच घबराट होईल. तेराची असताना अकरा धरले, तर कमी आकडा नीट वाटून धोका निसटेल. दुसरी चूक मला अधिक घातक वाटते, कारण ती कोणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणूनच रक्त घेण्याआधी सोनोग्राफीने गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून दिवस ठरवतात. मातेचे वजनही लिहून घेतात, कारण शरीर मोठे असले तर रक्त जास्त आणि त्यात तेवढ्याच गाड्या विरळ दिसतात. आणि इतके करूनही आकडा कमी आलाच, तर तो निदान ठरत नाही. पुढची तपासणी करावी की नाही, एवढेच तो सांगतो.