पणजोबांचा कागद कुठं सापडतो?

धाराशिव जिल्ह्यातल्या आपल्या घराण्याचा माग काढायला निघालेली माणसं बहुतेक वेळा आडनाव घेऊन निघतात. निघावं ते गाव घेऊन. शंभर वर्षांपूर्वी आपलं गाव कोणत्या तालुक्यात होतं आणि त्याचा सारा कोणाच्या खजिन्यात जात होता, एवढं कळलं की कागद कुठं असेल याचा निम्मा उलगडा घरबसल्या होतो. ते न कळता तहसीलच्या दारात उभं राहणाऱ्याचा दिवस वाया जातो, आणि मग “आमच्याकडचं काही शिल्लकच नाही” असा समज तो गावभर करून देतो.

जिल्ह्याच्या नावापासून सुरुवात करू. पूर्वी हा नळदुर्ग जिल्हा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठाणं धाराशिवला आलं, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झालं, आणि २०२३ साली ते पुन्हा अधिकृतपणे धाराशिव झालं. कागद शोधताना तिन्ही नावं डोक्यात हवीत. हद्दीही हलल्या. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, मग उस्मानाबादेत आले, आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर तिकडे गेले. लोहारा आणि वाशी हे आजचे तालुके अलीकडचे. तेव्हा लोहाऱ्यातल्या गावाचा जुना कागद लोहाऱ्याच्याच कार्यालयात असेल, असं धरून चालू नये.

“रझाकारात सगळं जळालं”

सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच. त्यामागचं दुःख खरं आहे. १९४७-४८ मध्ये, निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धामधुमीत, गावं लुटली गेली, माणसं घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे गेली, काही चावड्यांची दप्तरं जळाली. पण “काही” आणि “सगळं” यांत फरक आहे. महसुलाची माहिती एकाच जागी नसे. गावच्या दप्तरातला हिशेब तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाई. चावडी जळाली तरी तालुक्याचं दप्तर उरू शकत होतं.

याला आकड्याचाही आधार आहे. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या पहिल्या अहवालाच्या वेळी मराठवाड्यात सुमारे १ कोटी ७२ लाख कागद तपासले गेले होते. त्यात १९४८ नंतरचे कागद आहेत, तसे निजामकाळातलेही आहेत. कुणबी असा उल्लेख त्यांतल्या ११,५३० नोंदींत सापडला, म्हणजे साधारण दीड हजार कागदांमागे एक. आकडा लहान वाटतो, पण वंशावळ शोधणाऱ्यासाठी महत्त्वाचा आकडा पहिला आहे. एवढे कागद आठ जिल्ह्यांत अजून जिवंत आहेत.

“सगळं जळालं” असं आयरिश लोकही म्हणत आले. ३० जून १९२२ रोजी यादवी युद्धात डब्लिनचं सार्वजनिक अभिलेखागार उद्ध्वस्त झालं, एकोणिसाव्या शतकातल्या काही जनगणनांची बाडं राख झाली, आणि “आयर्लंडचा इतिहास जळाला” हे वाक्य जगभरच्या आयरिश घरांत रुजलं. प्रत्यक्षात १९०१ आणि १९११ च्या जनगणना दुसरीकडे ठेवल्यामुळे वाचल्या, बऱ्याच चर्चच्या नोंदवह्या गावोगावी होत्या त्या वाचल्या, जमिनीच्या मूल्यांकनाच्या छापील याद्याही वाचल्या. आज तिथे वंशावळ शोधायला जाणारा माणूस जळालेल्या इमारतीबद्दल वाचून जातो आणि कागद दुसरीकडे शोधतो. आपणही तेच करावं.

“निजामाचे कागद म्हणजे थेट हैदराबाद”

हैदराबादेत तारनाका इथे राज्य अभिलेखागार आहे, तिथे आसफजाही काळाचं प्रचंड दप्तर आहे, हे खरं. पण सामान्य शेतकरी कुटुंबाने पहिली फेरी तिथे मारू नये. त्याचा कागद आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आणि गावच्या शाळेत शोधावा. खासरा पत्रक (१९५४-५५), त्याआधीची सेतवार, पाहणी पत्रकं, वसूल बाकी, जुने फेरफार, १९५१ चं नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर ही नावं एका कागदावर लिहून न्यावीत. “जुनं काही आहे का?” असं विचारलं तर उत्तर नाही असंच येतं. “या सर्व्हे नंबरचं खासरा पत्रक द्या” म्हटलं की कपाट उघडतं.

हैदराबादची पायरी कोणासाठी? हैदराबाद संस्थानातली सगळी गावं थेट सरकारची नव्हती. दिवाणी म्हणजे सरकारी मुलूख, सर्फेखास म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता, शिवाय पायगा म्हणजे बड्या अमीर घराण्यांचे मुलूख, आणि जहागिरी. जहागिरीच्या गावाचा कारभार जहागीरदाराच्या कचेरीतून चाले, आणि १९४९ मध्ये जहागिरी संपल्या तेव्हा तिथली दप्तरं सरकारकडे यायला लागली. अशा गावांचा माग तुटक असतो, चिकाटी जास्त लागते. ज्या घराण्याकडे इनाम होतं, देवस्थानाची, काझीची किंवा जोशीपणाची सनद होती, त्यांनी मात्र अतियात म्हणजे इनामांच्या विभागाचे कागद आणि मुंतखब म्हणजे इनामाची निकालपत्रं नक्की शोधावीत. इनाम वारसाकडे जाताना चौकशी होई आणि त्या चौकशीत पिढ्यांचा शजरा म्हणजे वंशवृक्ष जोडला जाई. वंशावळ शोधणाऱ्याला ही मोठी भेट.

शेजारचा बार्शी तालुका मुंबई इलाख्यात होता. परांड्याच्या किंवा भूमच्या माणसाची आत्या बार्शीत दिली असेल, तर तिच्या सासरचे कागद इंग्रजी अमलाचे, मराठीत, बरेचसे मोडीत. भावाचे निजामाच्या दप्तरात उर्दूत. एकाच घरातल्या बहीणभावांचा शोध दोन वेगळ्या लिप्यांत घ्यावा लागतो.

नळदुर्ग-धाराशिवचा हा मुलूख १८५३ च्या तहाने काही काळ इंग्रजांच्या ताब्यातही होता आणि १८६० साली निजामाला परत मिळाला. त्या काळात नळदुर्गला कारभार पाहणारा अधिकारी फिलिप मेडोज टेलर. त्याच्या बालपणाचा काही काळ डब्लिनमध्ये गेला होता आणि निवृत्तीनंतरही तो तिथेच राहिला. १८७७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्ग आणि तुळजापूरचं वर्णन आहे. त्या वर्षांचा सरकारी पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हैदराबाद रेसिडेन्सीच्या कागदांत आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शोधावा. त्यात आपल्या पणजोबांचं नाव मिळेल अशी आशा धरू नये. गावची स्थिती, दुष्काळ, सारा, वतनाचे तंटे मिळतील.

“मोडी वाचता आली की झालं”

पुण्याच्या पेशवे दफ्तरासाठी हे बऱ्याच अंशी खरं. मराठवाड्यासाठी अपुरं. हैदराबाद संस्थानाच्या दरबारात आधी फारसी होती; १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर पटवारी-कुलकर्ण्यांच्या हातची मोडी दिसते, वरच्या कचेरीत गेलं की शिकस्ता वळणाची घाईघाईत लिहिलेली उर्दू. या लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत, नुक्ते गळतात. त्यामुळे एकच नाव तीन जण तीन प्रकारे वाचतात. वाचून घेताना जाणकाराला घरातल्या जुन्या नावांची यादी आधी द्यावी.

नोंदीत आडनाव नसण्याची शक्यताही धरून ठेवावी. “लिंगोजी वल्द सटवाजी, साकीन मौजे अमुक” असा मजकूर असतो: मुलगा, बाप, गाव. आज ज्या आडनावाने तुम्ही ओळखले जाता ते आजोबांच्या शाळेत मास्तरांनी घातलेलं असू शकतं. एका गावात दोन लिंगोजी असतील, पण दोघांचेही वडील सटवाजी असणं विरळा. म्हणून बापाचं नाव आणि शेताचा नंबर, हे दोन दुवे घट्ट धरावेत.

तारखांचंही तसंच. समजा आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख “७ खुर्दाद १३३९ फसली” अशी आहे. फसली हा महसुली सन. इंटरनेटवरचे काही तक्ते उत्तर हिंदुस्थानातल्या फसलीचे असतात, तिथे इसवी सन काढायला ५९२-५९३ मिळवतात. दख्खनच्या फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवायचे. हैदराबादी वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागे. पुढे दै, बहमन, इस्फंदार, फरवरदी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद. पहिले तीन महिने ५९० चे, नंतरचे ५९१ चे. म्हणजे हा जन्म साधारण एप्रिल १९३० चा.

“हैदराबाद गॅझेटमध्ये आमचं नाव आहे”

हैदराबाद गॅझेट लागू करण्याच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर हा समज वाढला. गॅझेटिअर म्हणजे प्रदेशाचं वर्णन: पिकं, बाजार, हवामान, जिल्ह्यात कोणत्या समाजाची किती माणसं. व्यक्तींची नावं त्यात नाहीत. तुमच्या पणजोबांचं नाव गॅझेटात दाखवतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

जनगणनेचंही तेच. आयर्लंडची १९११ ची जनगणना घरटी, नावानिशी, कोणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहिती गोपनीय आहे. मिळतात ते गावाचे एकूण आकडे.

जातीच्या दाखल्यासाठी लागणारा पुरावा आणि घराण्याचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा एक पुरावा मिळाला की दाखल्याचं काम पुढे सरकतं आणि शोध तिथेच थांबतो. तो कागद ज्या बाडातून निघाला, त्यातच आजोबांचे भाऊ, गहाण पडलेलं शेत, दुष्काळात थकलेला सारा, सगळं पडून राहतं.

“बायकांची नावं मिळतच नाहीत”

कमी मिळतात हे खरं, मिळतच नाहीत हे नाही. जुन्या सातबारावर आणि फेरफारांवर बारीक अक्षरांत जे लिहिलेलं असतं ते नीट वाचावं. “गंगूबाई भ्र. रामा” म्हणजे रामाची बायको; उर्दू नोंदीत तीच “जौजे” किंवा विधवा असेल तर “बेवा”. “अ.पा.क.” दिसलं तर थांबावं. अज्ञान पालन कर्ता म्हणजे ज्याच्या नावावर शेत आहे ते पोर अजाण होतं, आणि पालन करणारी बहुधा त्याची आईच. एका ओळीत बाप गेला होता, आई हयात होती, मुलगा लहान होता, एवढं कळतं.

आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे वारस फेरफार. माझ्या मते कुटुंबाच्या इतिहासासाठी एवढा श्रीमंत सरकारी कागद दुसरा नाही. मयताची तारीख, विधवा, मुलगे, आणि मुली सासरच्या नावांसह, वयांसह. पाठोपाठ हक्कसोडीचा फेरफार येतो, त्यात त्याच बहिणींनी भावाच्या नावे हिस्सा सोडलेला असतो. हरवलेल्या आत्या-मावश्या या दोन कागदांत सापडतात, आणि त्यांच्या गावांकडे जायचा रस्ताही.

“तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या वहीत सात पिढ्या असतात”

असतातही, पण सगळ्यांच्या नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या प्रसिद्ध आहेत. तुळजापूरला, पंढरपूरलाही आपापल्या यजमानांच्या वह्या ठेवणारी घरं आहेत. यात्रेला कोण आलं, श्राद्ध कोणाचं झालं, एवढंच तिथे उतरतं. जी कुटुंबं यात्रेला जाऊ शकली नाहीत, ज्यांना देवळाच्या पायरीशीच अडवलं गेलं, त्यांची नावं तिथे नाहीत. त्यांच्यासाठी महार वतनाचे कागद, शाळेचे दाखले, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आठवण. कर्नाटकाच्या सीमेकडच्या कुटुंबांनी हेळव्यांची चौकशी करावी. पिढ्यान्‌पिढ्या यजमानांची कुळं सांगत फिरणारा हा समाज. बंजारा तांड्यांत हेच काम ढाडी करतात.

“शनिवार-रविवारी जाऊन काम उरकू”

राज्य सरकारी कार्यालयं फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. सोमवार ते शुक्रवार गाठा. मार्चअखेर आणि १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या आसपास जाऊ नका. नवरात्रात आणि अश्विन पौर्णिमेला तुळजापुरात पुजाऱ्यांना बोलायला सवड नसते. नकलेचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या, पोच घ्या. नक्कल मिळेपर्यंत गाव आणि शाळा उरकून घ्या. नळदुर्ग आणि उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच आहेत, त्यामुळे हैदराबादचा टप्पा असेल तर तो शेवटी, त्याच रस्त्याने जोडावा.

गावात पाऊल ठेवल्यावर पहिली गोष्ट भाऊबंदांशी बोलून घ्या. शहरातून आलेला चुलता जुने फेरफार मागतोय हे ऐकलं की गाव समजतं, वाटणी मागायला आला. त्यांची भीती रास्त आहे. कोर्टात अडकलेली शेतं गावोगावी आहेत. मला जमीन नको, नावं हवीत, हे पारावर चारचौघांत सांगा, आणि निघालेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स त्यांच्या हातात ठेवा. बऱ्याचदा मग त्यांच्याच माळवदावरच्या पेटीतून खरेदीखत निघतं.

ती पेटी आणि शाळेचं जुनं रजिस्टर यांनाच आज सगळ्यात जास्त धोका आहे. तहसीलच्या बाडांची मोजणी झाली, कुणबी नोंदींच्या स्कॅन प्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या. घरच्या कागदांना मात्र वाळवी लागते, पावसाळ्यात ओल लागते, आणि म्हातारी गेली की पेटी रद्दीत जाते. प्रवास पुढच्या वर्षी केला तरी चालेल. पेटीतल्या कागदांचे फोटो या आठवड्यात काढा, प्रत्येक फोटोच्या नावात गाव आणि सर्व्हे नंबर घाला, आणि एक प्रत गावाकडच्या चुलतभावाला पाठवा.