तेंडलीच्या वेलीतले मोठे गुणसूत्र

गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत परसातल्या मांडवावर चढवलेली तेंडलीची वेल बहुधा मादीच असते. देशावर जिला तोंडली म्हणतात तीच ही वेल. संस्कृतातले बिंबफळ म्हणजे हिचेच पिकून लालबुंद झालेले फळ. तेंडलीत नर वेगळा आणि मादी वेगळी. दोघांचीही फुले पांढरी, पाच टोकांची, घंटेसारखी; पण मादीच्या फुलामागे बोटाच्या पेराएवढे हिरवे तेंडले कळीपासूनच दिसते, नराच्या फुलामागे नुसता देठ असतो. नर वेलीला फळ धरत नाही, म्हणून ती कोणी लावत नाही. चांगल्या मादी वेलीचे छाट कलम मातीत खोचले की नवी वेल तयार होते, आणि लागवडीतल्या अनेक वाणांत परागीभवन न होताही फळ धरते. काजूच्या ओल्या बिब्यांबरोबर शिजणाऱ्या तेंडल्यांसाठी नराची गरजच उरलेली नाही.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या वेलीतले सर्वांत मोलाचे द्रव्य त्या दुर्लक्षित नरातच आहे. तेंडलीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या बारा जोड्या असतात. मादीत बाराव्या जोडीची दोन्ही गुणसूत्रे सारखी, म्हणजे एक्स-एक्स. नरात एक एक्स आणि एक वाय. हे वाय सूक्ष्मदर्शकाखाली लपत नाही. वेलीतल्या इतर कोणत्याही गुणसूत्राच्या दुपटीहून ते मोठे भरते. माणसात वाय हे आखूड, झिजलेले गुणसूत्र; तेंडलीत नेमके उलटे.

हा शोध मराठी मुलखाशी जोडलेला आहे. एल. एस. एस. कुमार आणि जी. बी. देवडीकर या शास्त्रज्ञांनी 1940 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तेंडलीच्या लिंग गुणसूत्रांची नोंद प्रसिद्ध केली. त्या वेळी वनस्पतींना लिंग गुणसूत्रे असतात हे कळून जेमतेम दोन तपे झाली होती: पहिली नोंद 1917 मधली, लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या वनस्पतीची, आणि फुलझाडांमधल्या पहिल्या नोंदी 1923 मधल्या. देवडीकर पुढे पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत आणि मधमाशांच्या संशोधनात रमले. तेंडलीवरचे त्यांचे काम मात्र आजही जगभरच्या संशोधकांना उद्धृत करावे लागते, आणि मराठी वाचकांना ते फारसे माहीत नाही ही खंत वाटावी अशीच गोष्ट आहे. जास्तीचे गुणसूत्र-संच असलेल्या वेलींच्या अभ्यासातून नंतर असे दिसले, की एकाहून अधिक एक्स असले तरी एक वाय वेलीला नर बनवायला पुरेसे ठरते.

मग हे वाय एवढे फुगले कशाने? जनुके वाढली म्हणून नव्हे. ते फुगले पुनरावृत्त डीएनएने.

सजीवाचा डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर. त्यातला प्रथिने घडवणाऱ्या सूचनांचा भाग बहुतेक झाडांत थोडाच असतो. उरलेल्यात एकच मजकूर हजारो वेळा उतरलेला आढळतो. भजनात पालुपद पुन्हापुन्हा यावे तसे काही तुकडे एकाला एक लागून ओळीने येतात. त्यांना उपग्रही डीएनए म्हणतात. दुसरे तुकडे विखुरलेले असतात, कारण ते स्वतःच जागा बदलतात. बार्बरा मॅक्लिन्टॉक यांना असे फिरते तुकडे 1940 च्या दशकात मक्यात सापडले, आणि 1983 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. या फिरत्यांपैकी वनस्पतींत सर्वाधिक माजणारा गट स्वतःची आरएनए नक्कल काढतो, त्या नकलेवरून पुन्हा डीएनए बनवतो आणि तो गुणसूत्रात दुसरीकडे घुसवतो. मूळ प्रत जागेवर राहते, नवी तिच्यात भर घालते.

ही भर सगळ्याच गुणसूत्रांत पडत असते. पण इतरत्र ती काही प्रमाणात उपसलीही जाते. बीजपेशी बनताना जोडीतली दोन गुणसूत्रे एकमेकांशेजारी येतात आणि आपापले तुकडे अदलून घेतात. या देवाणघेवाणीतून चांगला भाग बिघडलेल्या भागापासून सुटा होतो, आणि बिघडलेला भाग घेतलेली संतती मागे पडली की तो बिघाड वंशातून निघून जातो. वायला ही सोय नाही. वेगवेगळ्या वेली नर आणि मादी होण्यासाठी किमान दोन बदल लागतात असे मानले जाते: एकाने पुंकेसर निकामी व्हावेत, दुसऱ्याने बीजांडकोश. देवाणघेवाणीत हे दोन बदल एकाच गुणसूत्रावर आले तर नरही नाही आणि मादीही नाही अशी वांझ संतती निपजते. म्हणून त्या दोघांमधली देवाणघेवाण थांबणे वंशाच्या हिताचे ठरते. थांबलेला पट्टा हळूहळू रुंदावतो. वाय तर नरातच राहते, तिथे त्याला जोडीला दुसरे वाय कधी मिळत नाही. त्यामुळे त्या पट्ट्यात शिरलेला फिरता तुकडा बाहेर पडायला वाटच उरत नाही. गाळ साचत जातो आणि गुणसूत्र लांबते.

तेंडलीत हा गाळ मोजला गेला आहे. म्युनिक विद्यापीठातल्या सुझान रेनर आणि अरेतुझा सौझा यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवले, की नर वेलीच्या पेशीत मादीपेक्षा सुमारे दहा टक्के डीएनए जास्त असतो, आणि ही तफावत वायमुळे पडते. याच गटाच्या 2016 च्या अभ्यासात वायवर साचलेल्या पुनरावृत्त तुकड्यांबरोबर हरितलवकातून आलेले डीएनएचे तुकडेही तपासले गेले. पेशीविभाजनात गुणसूत्राला जिथे धागे धरतात तो वायचा मध्यबिंदूही इतर गुणसूत्रांहून वेगळ्या घडणीचा निघाला.

यातली सर्वांत विचार करायला लावणारी बाब वयाची आहे. तेंडली ही प्रजाती अंदाजे तीस लाख वर्षांची. उत्क्रांतीच्या हिशेबात ही मुदत थोडी. कॉक्सिनिया या तिच्या प्रजातिकुळात सुमारे पंचवीस प्रजाती आहेत, बहुतेक आफ्रिकेतल्या, आणि त्या सगळ्यांत नर-मादी वेगळे. तरीही तिच्या ज्या बहिणी तपासल्या गेल्या त्यांत असे अवाढव्य वाय दिसले नाही. म्हणजे गुणसूत्राच्या लांबीवरून त्याचे वय सांगता येत नाही.

पपईत याचा दुसरा पुरावा मिळतो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या व्यापारातून भारतात आलेली पपई गोव्याच्या परसात आता घरचीच झाली आहे. बियांपासून केलेल्या रोपांतले नर कोणते हे फुले येईपर्यंत कळत नाही, म्हणून शेतकरी एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावतात आणि नर ओळखून उपटतात. पपईची लिंग गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. फरक आहे तो एका छोट्या पट्ट्यात: पपईत नराप्रमाणे द्विलिंगी झाडालाही वाय असते, आणि त्या वायवर तो सुमारे 81 लाख अक्षरांचा, तर एक्सवरचा त्याचा जोडीदार सुमारे 35 लाखांचा. इथेही भर पडली ती मुख्यतः फिरत्या तुकड्यांची. या पट्ट्याचे विलगीकरण सुरू होऊन सुमारे सत्तर लाख वर्षे झाली असावीत असा अंदाज आहे. तेंडलीहून जुने, तरी कितीतरी लहान. दोन वाय एकत्र आले तर पपईचा गर्भ जगत नाही. म्हणजे वायवरची काही आवश्यक जनुके आताच निकामी झालेली आहेत.

फुगवटा हा शेवट नसतो. निकामी मजकुराचे मोठे भाग कालांतराने गळतात आणि वाय आखडते. माणसाचे वाय त्या टप्प्यावर आहे. दुसरीकडे युरोपातल्या सायलीन लॅटिफोलिया या रानफुलाचे वाय सुमारे 50 कोटी अक्षरांचे, माणसाच्या वायच्या आठपटीहून मोठे आहे. गोव्यात नर-मादी वेगळी असणारी आणखी झाडे ओळखीची आहेत: भिरंड म्हणजे कोकम, जायफळ, पावसाळ्यात बाजारात येणारी फागलां म्हणजे कर्टोली. पण तेंडलीसारखे नजरेत भरणारे वाय त्यांत दिसत नाही.

पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, अंजन बॅनर्जी यांच्या गटाने 2014 पासून तेंडलीच्या फुलांवर काम प्रसिद्ध केले आहे. त्यांच्या अभ्यासात नर आणि मादीखेरीज एक तिसरी, विरळा वेलही आहे. तिच्या काही फुलांत पुंकेसर उगवतात, पण पराग वांझ असतो. तिच्यात वाय नाही. सिल्व्हर नायट्रेट फवारून मादी वेलीलाही पुंकेसर आणता येतात असे या गटाने दाखवले. पुंकेसर घडवण्याची सामग्री मादीतही असते. सुपीक पराग मात्र वायखेरीज मिळत नाही.

छाट कलमाने लावलेल्या मादी वेलींत वाय नसते आणि त्यांच्यापासून ते कधी येणारही नाही. ते टिकले आहे ते बुलबुलांनी पसरवलेल्या बियांतून कुंपणावर आणि बांधावर आपोआप उगवलेल्या रानतेंडलीच्या नरांत. पेडण्यात असो वा डिचोलीत, कुंपण साफ करताना फळ न धरणारी, पांढऱ्या फुलांची अशी वेल आढळली तर ती राहू द्यावी.