रोटेटर: मोटर फिरवते, पेटी ओळखते

अँटेना फिरवणे सोपे. ती नेमकी कुठे वळली आहे हे कळणे कठीण. म्हणून अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरमध्ये मी मोटरपेक्षा कंट्रोल बॉक्सला जास्त मान देतो. पूर्वी विंझरहून सिंहगडावरच्या दूरदर्शन मनोऱ्याकडे रोखलेल्या अँटेनाला दोन्हींची गरज नसे, मनोरा काही जागचा हलत नसे. दूरचे केंद्र शोधणाऱ्या हौशी रेडिओवाल्याला मात्र दिशा बदलावी लागते. खांबावरची छोटी मोटर गिअरमधून अँटेनाला साधारण मिनिटभरात पूर्ण फेरी घडवते. सोबत फिरणाऱ्या पोटेन्शिओमीटरचा व्होल्टेज बदलतो, तसा घरातल्या पेटीवरचा काटा सरकतो. फेरीच्या टोकाला लिमिट स्विच मोटर थांबवतो, नाहीतर केबल पिळवटून तुटायची.

कुणी म्हणेल, त्यापेक्षा गच्चीवर जाऊन हाताने फिरवावी! अँटेनाच्या नजरेचा कोन रुंद असेल तर तेही चालते. पण जुन्नर तालुक्यात खोडद परिसरातल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत, आणि १४२० मेगाहर्ट्झला त्यांच्या नजरेचा कोन चंद्रबिंबाहूनही अरुंद. आकाश सरकते तशी डिश सरकावीच लागते. तिथे मोटरींची जोडी एकमेकींविरुद्ध ताण धरून ठेवते, त्यामुळे गिअरच्या दातांमधली ढिलाई कोन बिघडवत नाही.