उभा साज आणि बैठा साज

रायपूर शहराच्या पूर्वेस तेलीबांधा नावाची वस्ती आहे. तेथील विस्तीर्ण तलाव आता भरवस्तीत आला असून त्याच्या काठच्या रस्त्याला रायपूरकरांनी मुंबईच्या धर्तीवर ‘मरीन ड्राइव्ह’ हे नाव देऊन टाकले आहे. याच वस्तीत शीख समाजाचा गुरुद्वारा आहे. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे रागी पेटी पुढ्यात घेऊन, मांडी घालून बसतात. मात्र तलावाकाठच्या मोकळ्या हवेत एखाद्या उत्सवाचा मांडव पडला आणि तेथे वाद्यवृंद जमला, तर त्यातील कीबोर्ड वाजविणारा तरुण बहुधा उभा राहिलेला दिसेल. दोघांच्या बोटांखाली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रम तोच असतो. सप्तकातील बारा स्वरही तेच असतात. मग एकाने बसावे आणि दुसऱ्याने उभे राहावे, असे का?

हा प्रश्न पुष्कळदा शिष्टाचाराचा म्हणून सोडविला जातो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडात पोहोचली. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत रायपूरचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातूनच चालला. त्यामुळे रायपुरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि त्यांच्याबरोबर गणेशोत्सव, नाट्यगीते व भावगीतेही तेथे रुजली आहेत. अशा कोणत्याही गावच्या मंडळात कार्यक्रम ठरला, की वडीलधारी मंडळी म्हणतात, “वाजवायचे तर नीट बसून वाजवा.” तरुणांना वाटते, की बसलेला वादक मागच्या रांगेला दिसत नाही आणि कार्यक्रमाला रंग चढत नाही. दोन्ही पक्ष रीतिरिवाजाची भाषा बोलतात. परंतु वाद्यांचा इतिहास पाहिला तर असे दिसते, की वादकाचे आसन मुख्यतः वाद्याच्या घडणीवरून ठरत आलेले आहे. रिवाज मागाहून येतो, आणि कारण नाहीसे झाल्यावरही तो मागे राहतो.

याचे उत्तम उदाहरण छत्तीसगडातच सापडते. ‘नाचा’ हे तेथील रात्रभर चालणारे लोकनाट्य. त्याच्या जुन्या प्रकाराला ‘खडे साज’ म्हणत. म्हणजे उभा साज. चिकारा हे गजाने वाजविण्याचे छोटे तंतुवाद्य वादक अंगाशी धरी, तबले फडक्याने कमरेला बांधलेले असत, मंजिरा हातात असे, आणि मशालीच्या उजेडात हे साथीदार नाचणाऱ्या परीच्या व सोंगाड्याच्या मागेपुढे फिरत वाजवीत. वाद्य आणि नट एकाच वर्तुळात वावरत. राजनांदगावजवळील रवेली गावचे दाऊ दुलारसिंह मंदराजी यांनी १९२७-२८ च्या सुमारास आपली नाचा मंडळी उभी केली. पुढे त्यांनी चिकाऱ्याच्या जागी हार्मोनियम आणली आणि मशालीच्या जागी गॅसबत्ती लावली. पेटी आली आणि साज खाली बसला. ‘खडे साज’चा ‘बैठे साज’ झाला.

हा बदल केवळ आसनाचा नव्हता. पेटीमुळे गाण्याला स्वरांचा भरीव आधार मिळाला. बसलेले साथीदार रात्रभर न थकता साथ करू लागले, आणि वर्तुळातील जागा मोकळी झाल्यामुळे नटाला अभिनयास वाव मिळाला. उलटपक्षी, वादक पावलापावलाला नटाबरोबर सरकत असे ती लगट गेली. रवेलीच्या मंडळीतील मदन निषाद, लालूराम यांच्यासारखे कलावंत पुढे हबीब तन्वीर यांच्या नया थिएटरमधून देशभरच्या रसिकांना परिचित झाले. त्यांची कला ज्या रंगभूमीवर तयार झाली, तिचा आकार घडविण्यात एका भात्याच्या वाद्याचा असा वाटा होता.

पेटीने वादकाला खाली का बसविले, हे तिच्या रचनेत स्पष्ट दिसते. हार्मोनियमचा जन्म पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास अलेक्झांडर दबॅं यांच्या हातून झाला. ते वाद्य पायाने भाता मारण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे होते. कलकत्त्यात १८७५ साली स्थापन झालेल्या ‘द्वारकिन’ या पेढीचे द्वारकानाथ घोष यांनी त्याला हिंदी बैठकीला साजेसे रूप दिले. भाता पायाखालून काढून पेटीच्या पाठीशी लावला आणि तो डाव्या हाताच्या स्वाधीन केला. वाद्य उतरून सतरंजीवर आले. मांडी घालून बसलेल्या माणसाचा उजवा हात तिच्या पट्ट्यांवर सहज पडतो. डावा हात पुढे पोहोचून भाता चालवितो, आणि पेटीचे सारे वजन जमीन पेलते. हीच पेटी पट्ट्याने गळ्यात अडकवून प्रभातफेरीत वाजविता येते, नाही असे नाही. परंतु त्या वेळी आठ-दहा किलोंचा भार मानेवर येतो, भात्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर वाद्य हलते, आणि उजव्या हाताला स्थिर पट्टी मिळत नाही. साध्या धुनेला ते चालते. तान घ्यावयाची झाली, की वादक बसण्याची जागा शोधतो.

मराठी संगीत रंगभूमीने याच्या उलट टोकाचे उदाहरण घालून दिले. तेथे पायपेटी, म्हणजेच ऑर्गन, मानाच्या जागी आला. दोन्ही पाय आलटून पालटून भाता मारीत असल्यामुळे या वाद्याला दोन्ही हात मोकळे मिळाले. एका हाताने गायकाचा मार्ग धरावा आणि दुसऱ्याने खालच्या स्वरांची भर घालावी, असा भरदार नाद त्यातून निघू लागला. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गाण्याला हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन, कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवा यांचा तबला अशी साथ लाभत असे. पायपेटीवाल्याला उभे राहण्याची सोयच नव्हती. ज्याचे दोन्ही पाय कामात आहेत त्याचा भार खुर्चीवरच पडला पाहिजे. रंगमंचापुढे बसून त्याचे डोळे नटाच्या चेहऱ्यावर खिळलेले असत, आणि नटाने श्वास घेतला की साथीला त्याची चाहूल लागे.

कीर्तनात हरिदास उभा राहतो, टाळकरीही उभे असतात, पण पेटीवाला बहुधा बसलेला असतो. तमाशाच्या फडात ढोलकी आणि तुणतुणे कमरेला व खांद्याला धरून वादक उभ्याने वाजवितात. बैठकीच्या लावणीत पेटी आली, की सारा साज बसतो. शास्त्रीय मैफलीत गायक बसलेला असताना साथीदाराने त्याच्याहून उंच आसन घेऊ नये, असा संकेत आहे. संकेत म्हणून तो योग्यच आहे, आणि त्याच्या मुळाशी सोयही आहे. गायक आणि साथीदार यांचे डोळे एका पातळीवर असले, तर समेची खूण मानेच्या हालचालीवरून कळते. एक बसलेला आणि एक उभा असला, की हा संवाद तुटतो.

युरोपातही हीच कथा निराळ्या वाद्यांनी सांगितली आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत व्हर्मीर या डच चित्रकाराची १६७० नंतरच्या दोनतीन वर्षांतली मानली जाणारी दोन चित्रे आहेत. एकात तरुणी व्हर्जिनल नावाच्या वाद्यापुढे उभी आहे, दुसऱ्यात तशीच तरुणी बसलेली आहे. त्या वाद्याच्या पट्ट्या हलक्या, आणि पायाशी खटका नाही. त्यामुळे दोन्ही आसने तितकीच स्वाभाविक होती. पुढे पियानो आला. त्याच्या पट्ट्यांना वजन आले आणि नाद लांबविण्यासाठी उजव्या पायाखाली पायपट्टी आली. पट्ट्यांची जमिनीपासूनची उंची सुमारे सव्वादोन ते अडीच फुटांच्या दरम्यान स्थिरावली आणि पियानोवादक बसता झाला. अमेरिकेत जेरी ली लुईस आणि लिटल रिचर्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात उभ्याने पियानो वाजवून श्रोत्यांना वेड लावले खरे. पण बसणाऱ्यासाठी केलेल्या वाद्यावर उभे राहिल्यामुळे त्यांना कमरेत वाकावे लागे. तो आवेश काही गाण्यांपुरता शोभतो. त्याचे अनुकरण तीन तास करणे पाठीला परवडणारे नाही.

विजेच्या वाद्यांनी हे सारे गणित बदलले. रॉबर्ट मूग यांचा सिंथेसायझर १९६४ साली पुढे आला. कॅसिओ कंपनीचा पहिला कीबोर्ड १९८० साली निघाला, आणि पुढे हे वाद्य आपल्याकडे इतके घरोघरी पोहोचले, की कोणत्याही बनावटीच्या कीबोर्डला पुष्कळ घरांत ‘कॅसिओ’च म्हणतात. या वाद्याला भाता नाही. डावा हात मोकळा झाला, दोन्ही पाय मोकळे झाले, वजन हलके झाले आणि उंची स्टँडच्या खिट्टीवर आली. गिटारप्रमाणे गळ्यात अडकवून फिरण्याचे कीबोर्डही निघाले. एका अर्थी खडे साज परत आला. शेकडो वर्षांत प्रथमच पट्ट्यांवर बोटे फिरविणाऱ्याला खरी निवड करता आली. परंतु निवडीचे स्वातंत्र्य मिळाले म्हणजे शरीराचे नियम सुटत नाहीत.

पहिला नियम कोपराचा आहे. वादक बसलेला असो की उभा, खांदे सैल सोडल्यावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीशी जवळजवळ समांतर राहिला पाहिजे. पट्ट्या याहून उंच असल्या, तर खांदे वर चढतात आणि मान आखडते. खाली असल्या, तर मनगट मागे मुडपते, आणि बोटांना वेग देणाऱ्या स्नायुरज्जू त्या वाकणात घासल्या जातात. पुष्कळ तरुण स्टँड घरी बसण्याच्या उंचीवर लावून सराव करतात आणि मंचावर त्याच उंचीवर उभे राहून वाजवितात. दुखणे येथून सुरू होते. उभ्याने वाजवावयाचे असेल, तर मध्यम उंचीच्या माणसाला पट्ट्या सुमारे तीन ते साडेतीन फुटांवर लागतात, आणि घरचा सरावही त्याच उंचीवर करावा लागतो.

दुसरा नियम पायाचा. नाद लांबविणारी पायपट्टी वापरताना टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि चवडा दाबतो. बसलेल्या माणसाचा भार आसनावर असल्यामुळे त्याचा पाय हे काम अलगद करतो. आवाज कमी-अधिक करणारी दुसरी पायपट्टी असली तरी तो ती डाव्या पायाने सांभाळू शकतो. उभ्या वादकाचा भार मात्र डाव्या पायावर जातो, कंबर एका बाजूस कलते, आणि तासाभराने पाठीचा खालचा भाग तक्रार करू लागतो. म्हणून पियानोच्या अंगाची, पायपट्टीवर अवलंबून असलेली गाणी अधिक असतील, तर बसावे. तोकड्या, ठसक्याच्या सुरावटी आणि झपाट्याने बदलणारे आवाज असतील, तर उभे राहण्यास हरकत नाही.

तिसरा नियम श्वासाचा, आणि तो स्वतः गाणाऱ्या वादकाला लागू पडतो. पोक काढून बसले, की पोट दबते आणि श्वास छातीतच अडकतो. उभे राहिल्याने हा दोष आपोआप टळतो. पण खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर, पाठ ताठ ठेवून आणि पावले जमिनीवर सपाट टेकवून बसल्यानेही तो टळतो. बसण्यात खोट नाही. कोसळून बसण्यात आहे.

याखेरीज वाद्य कशावर ठेवले आहे, हेही पाहिले पाहिजे. कात्रीसारखा उघडणारा स्टँड जितका उंच करावा तितके त्याचे पाय जवळ येतात आणि तो डुलतो. उभ्या वादकाच्या जोराच्या हाताखाली पट्ट्या हलू लागल्या, तर ताल सांभाळणे कठीण जाते. शिवाय हा स्टँड खाली उतरविला, तर त्याचे पाय पसरून बसणाऱ्याच्या गुडघ्यांना अडतात. म्हणून चार पायांचा, टेबलासारखा स्टँड दोन्ही प्रकारांना बरा.

राहिला प्रश्न प्रेक्षकांचा. रंगमंचावर सगळे उभे असताना एकटाच खाली बसलेला वादक हरवल्यासारखा दिसतो, हे खरे आहे. त्यावर उपाय सोपा आहे. त्याच्या आसनाखाली फूटभर उंचीचा चौथरा घालावा. मग तो बसूनही इतरांच्या डोळ्यांच्या पातळीला येतो, दिसतो आणि त्याला खुणाही दिसतात. आकाशवाणीच्या श्रोत्याला तर वादक दिसतच नाही. तथापि, खांदा आखडला की सुरावट तुटक होते, आणि श्वास दबला की गाण्याचे वाक्य अर्ध्यावर सुटते. आसन डोळ्यांना दिसले नाही, तरी कानांना पुरेसे कळते.

रवेलीच्या मंडळीने साज खाली बसविला, तेव्हा पेटीच्या भात्याने आणि रात्रभर पुरवावयाच्या बळाने तो निर्णय घडविला. आजच्या मंडळांनीही त्याच रीतीने विचार करावा. गाणी कोणती आहेत, पायाला काम किती आहे, कार्यक्रम किती तासांचा आहे आणि मुख्य गायक बसणार की उभा राहणार, एवढ्या चार गोष्टी विचारल्या तर वडीलधाऱ्यांचा आग्रह आणि तरुणांची हौस यांतील वाद बहुतेक आपोआप मिटतो. दहा दिवसांच्या उत्सवात रोज वाजविणाऱ्या मुलाचे मनगट अकराव्या दिवशीही सरावाला बसण्याइतके निकोप राहिले, तर ते आसन योग्य होते असे समजावे.