मैदानी खेळांतील मृदू ऊतींच्या दुखापती : पहिल्या ४८ तासांतील उपचार

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या ग्रामीण परिसरात महाविद्यालयीन क्रीडा म्हणजे प्रामुख्याने कबड्डी, खो-खो व धावणे. या खेळांत अस्थिभंगापेक्षा स्नायू, कंडरा व अस्थिबंध यांच्या दुखापती अधिक आढळतात. खो-खोमध्ये खांबाला वळसा घालताना किंवा कबड्डीत चढाईवरून परतताना पाऊल आतल्या बाजूस वळते आणि घोट्याच्या बाहेरील अस्थिबंध ताणला जातो, प्रसंगी फाटतो. यालाच आपण पाय मुरगळणे म्हणतो. शब्द किरकोळ आहे. दुखापत नेहमीच तशी नसते.

तंतू तुटताच सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटतात व सूज येते. नेमके याच वेळी पाय चोळणे, गरम विटेने शेकणे असे उपाय केले जातात. आंबेहळदीचा लेपही गरम करूनच लावतात, म्हणजे तोही शेकच. उष्णता व मर्दन यांमुळे रक्तस्राव व सूज वाढू शकते. म्हणून पहिले दोन-तीन दिवस दोन्ही वर्ज्य मानावेत.

विश्रांती, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री अमेरिकन वैद्य गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडली. 'राइस' या नावाने ती शारीरिक शिक्षणाच्या अध्यापनात रूढ झाली. परंतु बर्फ व संपूर्ण विश्रांती यांमुळे ऊती भरून येण्यास विलंब होऊ शकतो, हे २०१४ मध्ये स्वतः मर्किन यांनीच मान्य केले. दाह हा केवळ विकार नसून दुरुस्तीची पहिली पायरी आहे. जुन्या टिपणांवरून शिकविणाऱ्या अध्यापकांनी ही दुरुस्ती अवश्य नोंदवावी.

बर्फाचे काम आता वेदना कमी करण्यापुरतेच मानावे : कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे. तो नसल्यास माठातील पाण्यात भिजवलेला पंचाही चालतो. अधिक महत्त्व दाबाला आहे. क्रेप बँडेज बोटांकडून वर गुंडाळावे. बोटे निळसर वा बधिर झाल्यास लगेच सैल करावे. पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. घोट्याच्या हाडावर दाबताच तीव्र वेदना होत असल्यास किंवा चार पावलेही टाकता येत नसल्यास क्ष-किरण तपासणी टाळू नये.

दोन दिवसांनंतर वेदनेच्या मर्यादेत हालचाल व भार सुरू करावा, पुढे एका पायावर तोल सावरण्याचा सराव द्यावा. हा सराव न करता परतलेल्या खेळाडूचा तोच घोटा पुन्हा मुरगळण्याचा धोका मोठा असतो आणि काहींचा सांधा कायमचा सैल राहतो. आंतरमहाविद्यालयीन सामना चार दिवसांवर असताना उत्तम चढाईपटूला बाहेर बसविणे संघ-व्यवस्थापकास जड जाते, हे खरे; तथापि तो निर्णय खेळाडूवर सोपविल्यास तो बहुधा 'दुखत नाही' असेच सांगतो.