भाषाविज्ञान म्हणजे चार भाषा येणं नव्हे

मुलीने भाषाविज्ञान शिकायचं ठरवलं की नातेवाईक विचारतात, ‘मग किती भाषा येणार तुला?’ हा सगळ्यात मोठा गैरसमज. या विषयात भाषा कशी चालते ते शोधायचं असतं. ‘माझा’ म्हणताना आपण झ दंत्य उच्चारतो, ‘माझी’ म्हणताना तालव्य. ई पुढे आली की उच्चार बदलतो, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मग ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगण्याची आज्ञा, यांत ई नसताना ज वेगवेगळे का? नियम कुठे लागतो, कुठे थांबतो, हे पुराव्यानिशी मांडणं हा इथला रोजचा अभ्यास. त्याला गणितासारखी शिस्त लागते.

दुसरा गैरसमज ‘छोटं कॉलेज’ या शब्दांतून येतो. आपल्याकडे बहुतेक कॉलेजं विद्यापीठाला संलग्न असतात, त्यामुळे कॉलेज म्हणजे दुय्यम असं मनात बसलंय. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळची स्वॉर्थमोर, हॅवरफर्ड आणि ब्रिन मॉर ही कॉलेजं स्वतःची पदवी देतात. प्रत्येकात पदवीचे विद्यार्थी दोन हजारांहून कमी. भाषाविज्ञान तिन्ही मिळून चालवतात, तौलनिक साहित्य ब्रिन मॉर आणि हॅवरफर्ड मिळून. एका कॉलेजचा विद्यार्थी दुसऱ्यात जाऊन वर्गात बसू शकतो, त्यामुळे निवडीला वाव राहतो.

लहान असण्याचा खरा फायदा कामात दिसतो. मोठ्या विद्यापीठात संशोधनाला हात लावायची संधी बरेचदा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना आधी मिळते. हॅवरफर्डच्या ‘टिचा’ प्रकल्पात मात्र पदवीची मुलं मेक्सिकोतल्या ओआहाका भागातल्या झापोटेक भाषेच्या जुन्या कागदपत्रांवर काम करतात. स्पॅनिश राजवटीत लिहिलेली मृत्युपत्रं, जमिनीची खरेदीखतं. एकेक हस्तलिखित वाचून त्याची प्रत करायची, शब्द सोडवायचे, आणि हे सगळं आजच्या झापोटेक लोकांना वाचता येईल असं खुलं ठेवायचं. विशीतल्या मुलांच्या हाती इतकं जबाबदारीचं काम येतं, ही मला या शिक्षणाची सगळ्यात मोलाची बाजू वाटते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा प्रबंधही लिहावा लागतो.

अशा कॉलेजांना लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणतात; पण ‘लिबरल आर्ट्स म्हणजे आर्ट्स साइड’ हेही खरं नाही. 1864 साली स्थापन झालेलं स्वॉर्थमोर इंजिनिअरिंगचीही पदवी देतं. भाषाविज्ञानाच्या जोडीला कॉम्प्युटर सायन्स घेता येतं.

तौलनिक साहित्याबद्दल समज असा की भाषांतरं वाचून कोणता लेखक श्रेष्ठ ते ठरवायचं. तिथे इंग्रजीखेरीज निदान एका भाषेतलं साहित्य मुळातून वाचण्याइतकी तयारी लागते. एखादा साहित्यप्रकार एका भाषेतून दुसरीत गेला की त्याचं काय होतं, असे प्रश्न तिथे असतात. भाषा कच्ची असेल तर या विषयात निभाव लागत नाही.

खर्चाची भीती खरी आहे, पण अर्धीच. स्वॉर्थमोर प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याचीही सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवतं. मात्र परदेशी अर्जदाराला मदत हवी आहे का, हे प्रवेश देतानाच पाहिलं जातं, म्हणून चुरस फार. नोकरीची हमी हे विषय देत नाहीत. कोशकार्य, भाषा-तंत्रज्ञान, अनुवाद, अध्यापन असे रस्ते आहेत, पण अनेकांना पुढे एम.ए. करावंच लागतं.

अर्ज करण्याआधी त्या विभागातल्या जुन्या प्रबंधांचे विषय वाचा आणि वर्गात प्रत्यक्ष कोण शिकवतं ते विचारा. क्रमवारी त्यानंतर बघा.